गिझरच्या आवाजांबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचली आणि लगेच लिहायला घेतलं. गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून तू त्या नळीला बूच मारणार आहेस. कृपा करून मारू नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आधी ऐक.

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेलं तर त्याचं आकारमान साधारण १.५ टक्क्यांनी वाढतं. तुझी टाकी २५ लिटरची, म्हणजे थंड टाकी पूर्ण तापली की जवळजवळ ३७५ मिलिलिटर पाणी जादा होतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही आणि नळ बंद असल्यामुळे पुढेही जाऊ शकत नाही. मग टाकीतला दाब वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थोडं पाणी बाहेर सोडतो. गिझर तापत असताना ठिबकणं हे त्याचं कामच आहे. गिझर बंद असतानाही दिवसरात्र गळत असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय किंवा आत येणाऱ्या पाण्याचा दाब फार आहे. अशा वेळी व्हॉल्व्ह बदलायचा, त्याचं तोंड बंद करायचं नाही. ती वाट बंद असताना एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) अडकला, तर पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी दाबामुळे उकळत नाही. ६ बार दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १६५ अंशांच्या आसपास असतो. तेवढं तापलेलं पाणी धरून बसलेली टाकी फुटली, तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. न्हाणीघराची भिंत ते सोसत नाही. काकू तिथे रोज अंघोळ करतात, म्हणून इतक्या काकुळतीने सांगतोय.

आता तुझ्या तडतडीबद्दल. तू लिहिलंस की चालू केल्यावर थोड्या वेळाने तडतड सुरू होते, मग खदखद, आणि दिवा विझला की सगळं शांत. हे तू इतकं नीट टिपलंस याचा मला फार आनंद झाला, कारण गिझरच्या बाबतीत आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो यावरून जास्त कळतं. फक्त तापतानाच येणारी तडतड बहुतेक वेळा क्षाराची असते. तुझ्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे मला तर फारशी शंकाच वाटत नाही.

जड पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, याचं उलट आहे. म्हणून सगळ्यात गरम जागी, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, पांढरा कडक थर चढत जातो. त्या थराच्या फटींत थोडं पाणी अडकतं. टाकीतलं पाणी ५० अंशांवर असलं तरी कॉइलला चिकटलेलं हे पाणी उकळतं, त्याचे बुडबुडे बाहेरच्या कमी तापलेल्या पाण्यात येऊन फुटतात, तोच तुझा तडतड आवाज. खपल्या गळून तळाशी साचल्या की त्याला गुरगुर जोडली जाते. तळाशी गाळ हलतोय असंच वाटतं ते.

आवाजाने स्वतःहून काही बिघडत नाही. काळजी कॉइलची आहे. थरामुळे तिची उष्णता पाण्यात नीट जात नाही, ती आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी तिचं आवरण तडकतं. आवरण तडकलं की वीज पाण्यात उतरते. म्हणून आधी आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्टचं बटण दाबून बघ. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचं असावं आणि बटण दाबताच पडावं. पडलं नाही तर ते बदलेपर्यंत गिझर वापरू नकोस.

‘नवा गिझर घ्या’ असं तुला सांगणाऱ्याशी मी सहमत नाही. टाकी गळत नाही, पाणी तापतं, मग फेकायचा कशासाठी? कॉइल काढून साफ करून घे. नुसता स्विच नको, विजेच्या बोर्डावरचं एमसीबी खाली पाड. पाणी पूर्ण थंड होऊ दे. मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गरम पाण्याचा नळ उघडायचा आणि टाकी रिकामी करायची. विजेच्या तारा सोडवण्याचं काम मात्र इलेक्ट्रिशियनलाच करू दे, तू शेजारी उभा राहा. कॉइल व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवली की थर सुटतो. फरशी धुण्याचं जहाल अॅसिड अजिबात वापरू देऊ नकोस, ते धातू खातं. टाकीच्या आत काचेचं अस्तर असेल तर लोखंडी सळईने खरवडू देऊ नकोस. गॅस्केट, म्हणजे जोडातून पाणी गळू न देणारी चकती, नवीनच घाल. आणि उघडलंच आहे तर मॅग्नेशियमचा अॅनोड रॉडही बघून घे. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. आतली तार दिसायला लागली असेल तर त्याचे दिवस संपले.

परत बसवल्यावर टाकी पूर्ण भरून, गरम नळातून हवा न येता अखंड धार लागली की मगच चालू करायचं. रिकाम्या टाकीत कॉइल बघता बघता जळते.

थर कमी बसावा म्हणून तापमान ४० वर ठेवायचा विचार मात्र सोड. लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात आणि त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया काकूंच्या वयात फार वाईट. टाकी ६० वर ठेव आणि पाणी अंगावर घेण्याआधी थंडात मिसळ, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

नळ पटकन बंद केल्यावर भिंतीत धाड असा आवाज येतो म्हणतोस, त्याचा गिझरशी संबंध नाही. धावतं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का पाइपला बसतो. सैल क्लँप आवळ आणि नळ हळू बंद कर. गार होताना येणारी टकटक म्हणजे धातूचं आकुंचन, तिकडे लक्षही देऊ नकोस. शिट्टी वाजली तर कुठला तरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असतो.

दोन आवाज मात्र वेगळे. प्लगमधून किंवा स्विचमधून चर्रचर्र आलं, तर तिथला जोड सैल आहे आणि तापतोय. २ किलोवॉटच्या गिझरला जवळपास ९ अँपिअर करंट लागतो, एवढ्याने सैल जोड वितळतो. लगेच बंद कर. आणि दिवा विझतच नाही, टाकी जोरात खदखदतेय, नळातून वाफ फसफसतेय, असं झालं तर एमसीबी पाड, नळ उघडू नकोस, सगळ्यांना बाहेर काढ आणि टाकी आपोआप थंड होऊ दे.

तुझ्या भाडेकरूंकडे गॅसचा गिझर आहे, असं आठवतं. तो पेटताना भप्प असा दणका देत असेल तर गॅस आधी साचतोय आणि उशिरा पेट घेतोय. तो दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही, असं त्यांना आजच सांग. अशा बर्नरमधून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. तो गिझर खिडकी नसलेल्या न्हाणीघरात असेल तर दुरुस्तीनंतरही तिथे ठेवू देऊ नकोस.

कॉइल बाहेर निघाली की तिचा फोटो पाठव. थर किती जाड आहे ते बघून पुन्हा कधी साफ करावी लागेल याचा अंदाज मी सांगेन. आणि बूच मारलं नाहीस एवढं आधी कळव, उत्तराची वाट बघतोय.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र