कॅमेऱ्यावरचा टॉवेल

प्रिय आई-बाबा,

गुरुवारपासून हॉलच्या कॅमेऱ्यात मला फक्त निळे पट्टे दिसतायत. आधी वाटलं, कॅमेरा बिघडला. मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन धरून मी ते ॲप तीनदा बंद करून उघडलं. मग पंख्याच्या वाऱ्यानं पट्टे हलले, कडेची उसवलेली शिवण दिसली, आणि ओळख पटली. बाबांचा टॉवेल! फोन केला तर बाबा शांतपणे म्हणाले, "वाळत घातलाय." हॉलमध्ये, भिंतीवर, छताच्या खाली एक हात, आणि चार दिवस?

मी चिडले, ते तुम्ही ऐकलंच. "तुमच्याच भल्यासाठी लावलाय ना तो" असंही म्हणाले. तेव्हा आई फोनजवळ येऊन एवढंच म्हणाली, "हे वाक्य तुला चालत नव्हतं ना गं?" आणि गेली. पुढचे दोन दिवस मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते. एकही धड जमलं नाही. म्हणून हे पत्र. फोनवर मी वकिली करायला लागते, आणि बाबा ऐकू येत नसल्याचं सोंग घेतात.

बाविसाव्या वर्षी मी कशी होते ते तुम्हाला आठवतच असेल. 'मायबाप सरकार' हे दोन शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरायचं. सरकार माझी माय नाही की बाप नाही, मायबाप घरी बसलेत, असं मी जेवताना हातवारे करून सांगायचे. कर म्हणजे चोरी, हेल्मेटची सक्ती म्हणजे अपमान, डोकं माझं तर निर्णयही माझा. बाबा फक्त विचारायचे, "रस्ता कोणी बांधला?" मग मी ताटावरून उठून खोलीत जायचे आणि अर्ध्या तासानं पुस्तकातलं उत्तर घेऊन परत यायचे, तोवर तुम्ही बातम्या बघत असायचात.

त्यातलं बरंचसं आता उतरलंय. रस्त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही पुरतं उत्तर नाही, हे बाबांना लेखी देते. कराला मी आता चोरी म्हणत नाही. आपला किती जातो ते बघून हळहळते, एवढंच. ज्याचं नाव घेऊन मी तेव्हा भांडायचे त्या हायेक या अर्थतज्ज्ञानंच १९४४ साली लिहिलं होतं की सुस्थितीतल्या समाजानं प्रत्येकाला अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी द्यायला काही हरकत नाही, त्यानं स्वातंत्र्य धोक्यात येत नाही. ते पान मी बहुधा घाईत उलटलं असावं. त्या वयात आपल्याला हवी तीच पानं सापडतात.

पण एक गोष्ट मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. जाणत्या माणसावर "तुझ्या भल्यासाठी" एवढ्याच कारणानं सक्ती करता येत नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं १८५९ साली 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात हे मांडलं. दुसऱ्याला इजा होत असेल तर अडवा. स्वतःचंच नुकसान करून घेत असेल तर समजवा, विनवा, वाद घाला, पण हात धरू नका. स्वातंत्र्यवादी म्हणवणारे आपसांत वाट्टेल तितके भांडतात, पण या वाक्याच्या आसपास कुठेतरी सगळे एकत्र येतात.

आईचा टोमणा बसल्यावर मी मिल पुन्हा काढला, आणि या वेळी नजर भलत्याच जागी अडकली. नियम सांगून झाल्याझाल्या तो अपवाद सांगतो. लहान मुलं यातून वगळली. ज्यांची काळजी अजून दुसऱ्यांना घ्यावी लागते, ते वगळले. आणि मग, अगदी सहज बोलावं तसं, 'मागासलेले' समाजही वगळले. त्यांना सुधारण्याच्या हेतूनं हुकूमशाही चालेल म्हणे. हे लिहिणारा माणूस १८२३ पासून १८५८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. कोट्यवधी लोकांचा कारभार कागदावरून हाकणाऱ्या कचेरीतला माणूस स्वातंत्र्यावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहितो, आणि त्या कोट्यवधींना एका वाक्यात यादीबाहेर काढतो. बाविसाव्या वर्षी मला याचा राग यायचा. आता भीती वाटते, कारण त्याची चूक कशी झाली ते मला नीट कळतं. तो दुष्ट नव्हता. कोण जाणतं आणि कोण अजाण, हे ठरवणारी लेखणी त्याच्या हातात होती, आणि ती आपल्या हातात आहे हे त्याच्या लक्षातही आलं नसावं.

माझ्याही आलं नाही. चौदा महिन्यांपूर्वी आई मोरीत घसरली, त्या आठवड्यात मी आले आणि भराभर सगळं उरकून टाकलं. कॅमेरा लावला. बाबांच्या खात्याला माझा नंबर जोडला, कारण त्या लबाडाच्या फोनवर बाबा आकडे सांगायच्या बेतात होते. औषधांचा डबा आणला, वारांची नावं असलेला. तुम्ही दोघं सोफ्यावर बसून बघत होतात. मी कुणालाही काही विचारलं नाही. "थोडे दिवसच" असं मात्र म्हणाले होते, ते आठवतंय.

या "थोडे दिवस"ची एक गोष्ट आहे. पगार हातात येण्याआधीच त्यातून कर कापून घ्यायचा, ही पद्धत अमेरिकेत १९४३ साली युद्धाच्या खर्चासाठी सुरू झाली. ती बसवणाऱ्यांत तिथल्या अर्थखात्यातला एक तरुण अर्थतज्ज्ञ होता, मिल्टन फ्रीडमन. हाच पुढे सरकारच्या पसाऱ्यावर आयुष्यभर आसूड ओढत राहिला. म्हातारपणी त्यानं कबूल केलं की ज्या सरकारला आपण एवढी नावं ठेवली, त्याला वाढायचं यंत्र आपणच जोडून दिलं, आणि तेव्हा ते डोक्यातही आलं नाही. त्याची बायको रोझ यावरून त्याला कायम टोचायची. युद्ध १९४५ मध्ये संपलं. कपात अजून चालू आहे. सोय झाली की ती जात नाही, हे मी वादात किती जणांना ऐकवलं असेल. आईचा पाय तर दोन महिन्यांत बरा झाला होता.

सगळ्यात वाईट त्या ओटीपीचं झालं. गेल्या महिन्यात बाबांनी विजेचं बिल भरायला घेतलं आणि मला फोन केला. मी गाडीत होते, उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा उचलून मी म्हटलं, "कशाला हवाय?" स्वतःच्या खात्यातले, स्वतः कमावलेले पैसे, त्यांचं बिल भरायला माझे वडील मला सहा आकडे मागत होते, आणि मी कारण विचारत होते. परवाना देणारा साहेब खिडकीपलीकडून विचारतो, अगदी त्याच आवाजात. बाबांनी कारण सांगितलंही. मला त्या रात्री झोप आली नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल; मला ते लक्षातच आलं नव्हतं. टॉवेल बघितल्यावर आलं.

आई, तुझ्याशी मात्र माझा एक जुना वाद आहे आणि त्यात मी हरलेय. मी सरकार-सरकार करायचे तेव्हा तू म्हणायचीस, "मला कधी सरकारनं अडवलं नाही बाई. अडवलं ते माणसांनी." नोकरी सोडलीस तेव्हा कुठला कायदा आड आला नव्हता. सासरच्या चार जणांचे चेहरे आड आले. मला वाटायचं, हा काही राजकारणाचा मुद्दा नाही, घरगुती आहे. आणि मिलच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच लिहिलंय की समाजाचा जाच कायद्याच्या जाचाहून खोल जातो, त्यातून निसटायला जागा कमी राहते, तो माणसाच्या आतपर्यंत पोचतो. तू ते न वाचता सांगत होतीस. आणखी एक गंमत मला अलीकडेच कळली. 'लिबर्टेरियन', म्हणजे स्वातंत्र्यवादी, याला जो फ्रेंच शब्द आहे तो राजकीय अर्थानं पहिल्यांदा आला तो एका पत्रातच. १८५७ साली जोसेफ देजाक या फ्रेंच अराजकवाद्यानं प्रूदाँ या विचारवंताला जाहीर पत्र लिहिलं. मालक नको, सत्ता नको म्हणणारा प्रूदाँ बायकांना मात्र घरात नवऱ्याच्या धाकाखाली ठेवायला निघाला होता. देजाकनं त्याला सुनावलं की बाई वगळून सांगितलेलं स्वातंत्र्य अर्धंमुर्धं असतं. म्हणजे हा शब्द करावरून किंवा बाजारावरून नाही, घरातल्या सत्तेवरून जन्मला. पुढे त्याचे किती अर्थ झाले, डावे काय नि उजवे काय, तो वेगळा पसारा. पण जन्म तुझ्या बाजूनं झाला, एवढं लक्षात ठेव.

संस्कृतीबद्दल बाबांना माझा राग होता, तोही आता जरा स्पष्ट करते. तुम्हाला वाटायचं मला सगळं जुनं मोडायचंय. मला जुनं मोडायचं नव्हतं, ते माझ्यावर लादलेलं नको होतं. ज्याला पाळायचंय त्यानं पाळावं, ज्याला सोडायचंय त्याला सोडता यावं. मोडायचीच सक्ती करणारे मला तितकेच नकोत. आणि बाबा, तुम्ही मोठमोठ्यानं बोललात तरी अडवलं कधी नाहीत. कॉलेज मध्येच सोडून दुसरीकडे प्रवेश घ्यायचा होता, तेव्हा तुम्ही आठवडाभर बोलला नाहीत. सातव्या दिवशी सकाळी फॉर्मवर सही करून तो माझ्या चपलांवर ठेवलात. वर चष्म्याचं घर ठेवलं होतं, उडू नये म्हणून. तुम्हाला तो निर्णय आजही चुकीचा वाटतो, मला माहीत आहे.

आता तो गळ्यातला अलार्म, पडलीस तर दाबायला म्हणून मी आईला घालायला सांगत होते तो. आई म्हणते, "मी काय गाय आहे घंटा बांधायला?" मिलनं एक उदाहरण दिलंय. पूल मोडकळीला आलाय हे नक्की झालेलं आहे, आणि एक माणूस त्यावर पाय ठेवतोय, सांगायला वेळ नाही. तर त्याला धरून मागे ओढलं तरी त्याचं स्वातंत्र्य हिरावलं असं होत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नाहीच. पण पूल पडेलच असं नक्की नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला सांगायचं आणि बाजूला व्हायचं. तो धोका घ्यायचा की नाही हे त्याचं तो ठरवेल. मोरी हा दुसऱ्या जातीचा पूल आहे. मी तुला सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, तू ऐकलंस आणि नाही म्हणालीस. संपलं. भिंतीला धरायचा दांडा तेवढा लावू दे, एवढी विनंती. विनंतीच.

गाडीचं मात्र वेगळं आहे, बाबा. इथे मी मागे हटणार नाही. समोरून दिवे आले की सगळं पांढरं होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. गेटच्या खांबाला घासलं त्यावर मी काही बोलणार नाही, खांब आपलाच आहे. पण रात्रीच्या रस्त्यावर दुसरी माणसं असतात, आणि त्यांनी तुमच्या डोळ्यांचा धोका पत्करायचं कबूल केलेलं नाही. त्यामुळे इथे प्रश्न तुमच्या भल्याचा नाहीच. तुमचं वय किती, हाही प्रश्न नाही. तिशीतल्या माणसाला असं दिसत असतं तरी हेच म्हटलं असतं. डोळे तपासून घ्या. डॉक्टर तुमच्या पसंतीचा, मी बरोबर नको असेल तर येत नाही. त्यांनी हो म्हटलं तर चालवा. तोवर अंधार पडल्यावर किल्ली खिळ्यावर राहू दे. दिवसा काय ते तुमचं तुम्ही बघा.

मिलनं १८५१ साली लग्नाच्या आधी एक कागद लिहिला होता. त्या वेळचा कायदा नवऱ्याला बायकोवर, तिच्या मालमत्तेवर, तिच्या हिंडण्याफिरण्यावर जे अधिकार देत होता, ते आपल्याला नकोत आणि आपण ते कधी वापरणार नाही, असा. कायद्याच्या लेखी त्या कागदाला काही किंमत नव्हती, अधिकार त्याच्याकडेच राहणार होते. तरी त्यानं लिहून सही केली. कंपनीतल्या त्या माणसाचं हे मला आवडतं.

माझा कागद असा. बाबांच्या खात्याला पुन्हा बाबांचाच नंबर जोडायचा अर्ज मी भरून सोबत ठेवलाय. जिथे पेन्सिलीनं फुली केलीय तिथे सही करा. अनोळखी फोन आला तर काय करायचं ते आपण ठरवू, तुम्हाला हवं असेल तर. औषधांचा डबा आईला उपयोगी पडत असेल तर राहू दे, नाहीतर त्यात बटणं ठेवा. कॅमेऱ्याचं ॲप मी फोनवरून काढून टाकलंय. त्याचा पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर आहे. कॅमेरा बंद करायचा असेल तर टीव्हीमागच्या बोर्डावरचं डावीकडून दुसरं बटण. पहिलं दाबू नका, त्यानं टीव्ही जातो.

टॉवेल तेवढा धुवायला टाका.

तुमची,
मी

ता. क. आई, रोज रात्री नऊला फोन करत जाईन. नाही उचललास तर पुन्हा एकदाच करेन.