भिंग आधी आमच्या हातात देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमच्यासारखी माणसं बांधावर येतात, शिकवतात आणि पुढच्या गावाला निघतात. मागे काय रुजलं ते त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आमची शेती थोडी, कोरडवाहू, कापसाची. निंदायला आम्ही, वेचायला आम्ही, म्हणजे झाडाच्या सगळ्यात जवळ आम्ही बाया. पण औषध कधी आणि कोणतं मारायचं ते ठरायचं विकणाऱ्याच्या सांगण्यावरून. शेतातच भरणाऱ्या शेतीशाळेत तुम्ही भिंग पहिल्यांदा आमच्या हातात दिलंत. बाकी सगळ्याच्या आधी त्याबद्दल आभार.

पान उलटून बघायला तुम्ही शिकवलंत. तिरपे पळणारे तुडतुडे, शिरेजवळचे फुलकिडे, शेंड्यावरचा मावा, सगळ्या रस शोषणाऱ्या किडी. पानामागे सरासरी 2 ते 3 तुडतुडे, किंवा 10 मावा, किंवा 10 फुलकिडे होईपर्यंत पंप काढायचा नाही; त्याआधी फवारलं तर वाचणाऱ्या कापसापेक्षा औषधाचाच खर्च जास्त. किडी दिसल्या की जीव घाबरा होणाऱ्या घरात हा आकडा फार मोठा आधार आहे. किती झाल्या ते सांगता आलं की भांडण उरत नाही.

आणि मित्रकीटक! ढालकिड्याची ती काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी पाहून कुणालाही वाटावं की हीच पीक खाणार. ती तर मावा फस्त करते. केसासारख्या दांडीवर उभी असलेली, मावा खाणाऱ्या क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी, पोटात परोपजीवी वाढल्यामुळे फुगून कडक झालेला मावा, हे सगळं आमच्याच शेतात होतं. सुरुवातीलाच जहाल औषध मारलं की आधी हेच मरतात आणि मागून पांढरी माशी उसळते. इंडोनेशियात भाताच्या तपकिरी तुडतुड्यांचं असंच झालं, तिथल्या सरकारने 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 मध्ये तिथेच शेतीशाळा सुरू झाल्या, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आपण एकट्याच नाही असं वाटलं. दूरच्या कुणा शेतकऱ्यांनी चिखलात उभं राहून किडी खाणारे कोळी मोजले होते, म्हणून आज आम्ही मोजतो.

गुलाबी बोंडअळीने मात्र सगळ्यांचीच परीक्षा घेतली. ती एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजतं. वरून कितीही फवारा, आत पोहोचत नाही. म्हणून नर पतंगांना मादीच्या गंधाने ओढणारे कामगंध सापळे, डोमकळी (आत अळी असल्याने नीट न उमललेलं फूल) तोडून नष्ट करणं, 20 हिरवी बोंडं फोडून बघणं. दोन बोंडांत अळी सापडली, किंवा सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरच पुढचं पाऊल. चहूबाजूंनी पंपांचा आवाज येत असताना आकडा त्याच्या खाली आहे म्हणून थांबणं किती अवघड असतं, हे शेती करणाऱ्यालाच कळतं. त्या आठवड्यात तुम्ही पुन्हा आलात, आमच्याबरोबर बोंडं फोडलीत, आणि थांबण्याचा धीर दिलात. पत्रकं वाटणारे पुष्कळ भेटले, असं उभं राहणारं कुणी भेटलं नव्हतं.

आकडा ओलांडला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "आता फवारा." तोंड झाकून, वाऱ्याकडे पाठ करून, तीन औषधं एकत्र न कालवता. औषध कधीच नको असा हट्ट तुम्ही धरला नाहीत, म्हणूनच माणसांनी तुमचं ऐकलं असं मला वाटतं.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवून आणखी वेचणी घेणं, सोडणं सगळ्यात जड गेलं. शेवटच्या वेचणीचा पैसा हातचा जातो ना! पण उभ्या पऱ्हाटीत अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, आणि पतंगाला कुणाचा बांध कळत नाही. एकाने काढून भागत नाही. तुम्ही सगळ्यांना एकत्र बसवलंत, ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं त्यांनाही. लहान शेतकऱ्याला सल्ल्याइतकीच अशा जोडून देणाऱ्या माणसाची गरज असते.

आता आमच्या गटातल्या बाया दर आठवड्याला मोजणी करून आकडे फळ्यावर लिहितात, आणि पंप बाहेर काढायचा की नाही ते फळा बघून ठरतं. 5 टक्के निंबोळी अर्क घरीच होतो. शेजारच्या गावातल्या बायकांनी आम्हाला शिकवायला बोलावलंय. डोमकळी ओळखायचं मी दाखवणार आहे. ट्रायकोकार्डबद्दल, म्हणजे किडीची अंडीच संपवणाऱ्या बारीक मित्रकीटकांच्या कार्डाबद्दल, त्या खूप विचारतील, आणि ते तुमच्याइतकं नीट मला सांगता येणार नाही. तेवढ्या दिवसापुरत्या याल का?

तुमची,
गटातली एक कापूस उत्पादक