आधी हात लाव म्हणाली होतीस

मुंबई, गुरुवार, पहाटे चार

प्रिय सुमे,

तीन महिने पत्र नाही, फोन केलास तर ‘ड्युटीवर आहे’ म्हणून ठेवून दिला. रागावली असशील, रागाव. तब्येत बरी, आईचा गुडघाही बरा. आता ऐक.

परवा रात्री एक काका चार किलोचा बोका पिशवीत घालून आले. दोन दिवस शी होत नाही, सारखा कुंथतोय, एरंडेल पाजलं म्हणाले. मी ‘बसा’ म्हटलं. समोर पार्व्होचं, त्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूचं, कुत्र्याचं पिल्लू होतं, त्याची शीर सापडत नव्हती. वीस मिनिटं गेली. मग बोक्याच्या पोटाला हात लावला आणि, सुमे, बोटांखाली मोसंबीएवढं टणक मूत्राशय! लघवी तुंबलेली. ठोके मिनिटाला नव्वद. मांजराचे दीडशेच्या खाली गेले तरी आपल्या पोटात गोळा येतो. ईसीजीवर पी लाटाच नाहीत, लघवी तुंबून रक्तात पोटॅशियम चढलेलं. कॅल्शियम ग्लुकोनेट चार मिली, दहा मिनिटं घेत हळूहळू सोडलं, डोळे मॉनिटरवर. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदय तेवढं तगतं. तोवर सरांनी ते उतरवायला इन्शुलिन-ग्लुकोज दिलं, मग लघवीच्या वाटेत कॅथेटर. वाटेच्या टोकाशी चिकट वाळूचा बोळा अडकलेला. तो सुटून लालभडक लघवी आली तेव्हा मला रडू फुटलं.

वाचला गं. काल मासा खाल्ला त्यानं. काका माझ्यासाठी पेढे घेऊन आले.

शिरवळला कॉलेजात त्या म्हशीवरून भांडलो होतो, आठवतं? ‘मालकाचं ऐक, पण आधी हात लाव’ म्हणालीस आणि मी आठवडाभर अबोला धरला. तू माझ्या ताटातला पापड पळवलास तेव्हा सुटला. तो पापड अजून देणं लागतेस.

बोका कुंथतोय म्हटलं की पहिला प्रश्न लघवीचा, हे मी पेपरात लिहून आलेय. श्वास, ठोके, हिरड्या बघायला अर्धं मिनिट पुरतं. तरी काका ‘शी’ म्हणाले आणि मी तेच धरून बसले. सर म्हणतात, होतं असं. पण काकांना सांगू का? सांगितलं तर एरंडेलाचं मनाला लावून घेतील. न सांगता ते हात जोडतात, ते मला बघवत नाही.

लाळ्या-खुरकुताचं लसीकरण उरकलं? बाळाला दात आले? बदलीचं काय? भावजींना नमस्कार.

पेढ्यांचा डबा टेबलावर तसाच आहे. तू काय केलं असतंस ते लिही. फोन नको, लिहीच.

तुझी,
मनू