पोरं गावी येण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आमच्या विद्यार्थ्यांचा संघ पोळ्यानंतरच्या आठवड्यात दोन दिवस गावी येतोय. पहिला दिवस शाळेत, दुसरा आपल्या ओट्यावर शेतकऱ्यांसोबत. बरीच तयारी तुम्हा दोघांवर टाकते आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

ही मुलं ज्या स्पर्धेत उतरतात तिचं नाव आयजेम. सजीवांच्या जनुकांत बदल करून काहीतरी उपयोगाचं बनवायचं, अशी ती विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 2003 साली एक छोटा अभ्यासवर्ग झाला, 2004 साली पाच संघांची पहिली स्पर्धा झाली, आणि आता जगभरचे संघ पॅरिसला जमतात. तिथे प्रयोगशाळेतल्या कामाबरोबर हेही विचारतात, की ज्यांच्यासाठी हे बनवलं त्यांच्याशी बोललात का, आणि त्या बोलण्यानं तुमच्या कामात काय बदललं? दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नुसतं भाषण ठोकून, फोटो काढून परतलेल्या संघाला त्याचं उत्तर देता येत नाही.

आधी शाळेचं. साठ मुलं, पाच-पाचचे बारा गट. केळीतून डीएनए वेगळा करून दाखवायचा.

आई, केळी सहा लागतील, प्रत्येक गटाला अर्धं. पिकलेली हवीत, पण साल काळी पडलेली नकोत. फार पिकलेल्या केळात पेशीतलीच विकरं डीएनएचे तुकडे करायला लागतात. जाड झिपच्या पिशवीत केळ घालून हातानं दोन मिनिटं कुस्करायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मिक्सर लावू नका, लांब धागे तुटतात. दुसऱ्या भांड्यात दर गटाला 100 मिली पाणी, एक छोटा चमचा मीठ आणि दोन छोटे चमचे भांडी घासायचं लिक्विड. वडी चालणार नाही, पाणी गढूळ होतं. पेशीचं आवरण स्निग्ध असतं, ते साबणानं फुटतं. डीएनएवरचा ऋण भार मीठ झाकतं, म्हणून पुढे धागे एकत्र येतात. हे पाणी पिशवीत ओतून पाच मिनिटं हलक्या हातानं फिरवायचं. मुलं इथेच जोरात हलवतात. फेस झाला की पुढचं काहीच नीट दिसत नाही.

मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही. गाळलेलं दोन चमचे पाणी काचेच्या उभ्या, अरुंद बाटलीत घ्यायचं आणि तितकंच थंडगार अल्कोहोल कडेनं, चमच्याच्या पाठीवरून, हळूच सोडायचं. खाली पाणी, वर अल्कोहोल असे दोन थर दिसले पाहिजेत. पाच मिनिटांत मधल्या रेषेवर पांढरे तंतू जमतात, ते बांबूच्या काडीवर गुंडाळता येतात.

सगळ्यात जास्त घोटाळा अल्कोहोलमध्ये होतो. मेडिकलमधलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर बहुधा 70 टक्क्यांचं असतं, त्यात पाणी जास्त म्हणून धागे नीट येत नाहीत. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं. बाबा, चोपड्याला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे विचारा, सर्किट पुसायला ते हेच वापरतात. पाव लिटर पुरे. झाकण घट्ट लावून बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा. वीज जाते म्हणून फ्रीजच्या भरवशावर राहू नका, बर्फ आदल्या दिवशीच सांगून ठेवा. हे पटकन पेट घेतं. वर्गात उदबत्ती, समई, गॅस काही नको, आणि ओतायचं काम मोठ्यांनीच करायचं. ती केळी कुणी खाऊ नये, शेवटी सगळ्यांनी हात धुवायचे.

एक गोष्ट संघानं मुलांना सांगायलाच हवी. काडीवर येतं ते शुद्ध डीएनए नव्हे, त्यात केळीतलं पेक्टिन आणि प्रथिनंही असतात. एकटा रेणू डोळ्याला दिसत नाही, दिसतात ते असंख्य रेणूंचे गुंते. ‘हा बघा शुद्ध डीएनए’ म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे, पण पुढे कॉलेजात गेलेल्या पोरीला ते खोटं होतं हे कळतं.

त्यानंतर पत्त्यांचा खेळ. जनुकाच्या चार भागांची चार रंगांची कार्डं: सुरुवात कुठून करायची हे सांगणारा प्रमोटर, प्रथिन बनवणारा रायबोसोम बसण्याची जागा, प्रथिनाची कृती लिहिलेला भाग, आणि थांब म्हणणारा टर्मिनेटर. मुलांनी क्रम लावायचा. टर्मिनेटर कृतीच्या आधी लागला तर वाचन तिथेच संपतं आणि प्रथिन बनत नाही. ही चूक मुलांना करू द्या, सांगितल्यापेक्षा ती लवकर समजते. सूचना प्रमाण मराठीत छापल्यात, पण लहान मुलं ‘हाई काय शे?’ असंच विचारतील. उत्तरही अहिराणीतच मिळावं म्हणून आई, तू सोबत हवीस. फोटो आणि प्रश्नावलीसाठी पालकांची सही आधी घ्यायची. प्रश्नावलीवर नाव नाही, नुसता क्रमांक. तेच पाच प्रश्न आधी आणि नंतर, म्हणजे काय समजलं नाही ते संघाला कळेल.

जनुकं बदललेला कुठलाही जिवंत जिवाणू गावात येणार नाही. तो प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही हा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

आता बाबा, ओट्यावरची बैठक. केळीवरचा हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, ओळखणारी कागदी पट्टी हा संघ बनवतोय. पट्टीवर पेशी नसतात, पेशीतून काढलेली यंत्रणा सुकवून ठेवलेली असते. विषाणूचा आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच त्याचा जनुकीय रेणू, लागला की रंग यावा असा बेत आहे. हरण्या मावा किडीमुळे पसरतो, काकडीवर्गीय वेल आणि मिरचीवरही तो राहतो, औषध नाही, झाड उपटून नष्ट करणं एवढंच हातात. तेव्हा लोक विचारणारच, की पानावर पिवळे पट्टे आम्हाला दिसतातच, मग पट्टी कशाला? त्याचं उत्तर पोरांनी पाठ करून येऊ नये. टिश्यूकल्चरचं रोप लावण्याआधी तपासायचं, की लावल्यावर महिन्यानं, की शेजारच्या काकडीवर? हे शेतकऱ्यानंच सांगायचं. संघाचे प्रश्नही तसेच हवेत. ‘तुम्हाला पट्टी आवडेल का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘मागच्या दोन हंगामांत किती खोडं उपटली, कधी कळलं, तोवर काय फवारलं?’ यातून खरं निघतं.

दुसरा प्रश्न बीटी कापसाचा येईल. जिवाणूचा जनुक घातलेल्या त्या कापसाला 2002 साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देईनाशी झाली, हे पोरांनी स्वतःहून मान्य करावं. भरिताच्या वांग्यावरून बीटी वांग्याचा विषय निघाला तर 2010 साली त्यावर स्थगिती आली, तीही जनसुनावण्यांनंतर, हे सांगावं. या पट्टीत पीक बदलत नाही, हा फरक त्यानंतर सांगितला तरच ऐकला जाईल. किंमत आणि तारीख कुणी विचारली तर आश्वासन द्यायचं नाही.

नमुन्यांसाठी मालकाच्या परवानगीनं चार-पाच पानांचे तुकडे घेतील. दर तुकड्याला नवं ब्लेड, वेगळी पिशवी, लगेच बर्फात, कारण उन्हात आरएनए तासांत खराब होतो. पानावर मावा असेल तर ती पिशवी न्यायची नाही. यातले निम्मे तुकडे दुसऱ्या शहरातला एक संघ तपासणार आहे. एकच नमुना दोन यंत्रांवर दोन आकडे देतो, म्हणून दोघं आधी फ्लुरेसिन या चमकणाऱ्या रंगाच्या ठरलेल्या द्रावणावर आपापलं यंत्र जुळवतील, जसं काट्यावर आधी मापाचं वजन ठेवून बघतात. दोन संघांचं सहकार्य मी याला म्हणते, कारण एकाची चूक दुसऱ्याला सापडते.

बाबा, बैठकीत तुम्ही खुर्चीवरच बसा, गुडघ्यांना सतरंजी नको. ज्यांची बाग गेल्या वर्षी गेली त्यांना पहिले बोलवा. आणि आई, पोरं दहा आहेत, कळण्याच्या भाकरीचं पीठ त्या हिशेबानं दळून ठेव.

तुमची लेक