मंत्रिमहोदय, हा मासा कुठला?

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

गोठवलेल्या माशाचं एक पाकीट समोर ठेवून हे पत्र लिहितो आहे. पाकिटावर वजन आहे, उष्मांक आहेत, तव्यावर किती मिनिटं परतायचं तेही चित्रासकट आहे. आतल्या माशाचं नाव मात्र 'पांढरा मासा' एवढंच. हा रंग झाला, नाव नव्हे. खाली बारीक अक्षरांत एका देशाचा उल्लेख आहे, पण पाकीट तिथे भरलं गेलं इतकाच त्याचा अर्थ. मासा एका महासागरात पकडायचा, दुसऱ्या देशात काटे काढून त्याचे तुकडे करायचे आणि तिसरीकडे पिशवीत भरायचे, हे या धंद्यात आता नेहमीचं झालं आहे. लेबल शेवटचा मुक्काम तेवढा सांगतं.

ग्राहकांनी जागरूक व्हावं, असं आवाहन मत्स्यखाती वरचेवर करतात. व्हायला माझी ना नाही. पण या पाकिटाकडे बघून मी नेमका कशाबद्दल जागरूक होऊ?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातल्या ३७.७ टक्के सागरी मत्स्यसाठ्यांमधून झेपेल त्यापेक्षा जास्त मासेमारी होते आहे. १९७४ मध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे उरलेले साठे अजून सावरून आहेत, आणि खाणाऱ्याला निवड करायला जागा आहे. फक्त कोणता मासा कोणत्या साठ्यातला, हे त्याला कळण्याची सोय नाही.

डबाबंद ट्यूनाचंच बघा. त्यातला स्किपजॅक भराभर वाढतो, लवकर अंडी घालतो, त्यामुळे बऱ्यापैकी तग धरून आहे. तो पकडायच्या दोन तऱ्हा बघा. एक, गळ टाकून, एकेक करत. दुसरी, समुद्रात तराफे सोडून त्यांच्या सावलीला जमलेल्या अख्ख्या थव्याभोवती पर्ससीन जाळं आवळायचं. त्या सावलीला एकटा स्किपजॅक येत नाही. बिगआय आणि यलोफिन ट्यूनाची पिल्लं येतात, शार्क येतात, आणि सगळे एकाच जाळ्यात सापडतात. ज्या पिल्लांनी पुढे अंडी घालायची ती आधीच डब्यात जातात. दोन्ही डबे फळीवर शेजारी शेजारी असतात. गळाने पकडणारा ते अभिमानाने छापतो. दुसरा काहीच छापत नाही, आणि न छापणं बेकायदा ठरतंच असं नाही.

नावांची तर आणखी गंमत. खोल समुद्रातल्या एका माशाला इंग्रजीत आधी 'स्लाइमहेड', म्हणजे बुळबुळीत डोक्याचा, म्हणत. तो खपावा म्हणून त्याचं 'ऑरेंज रफी' असं बारसं झालं. हा मासा शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो आणि अंडी घालण्याजोगा व्हायलाच त्याला दोन-तीन दशकं लागतात. खाणाऱ्याच्या पणजोबांच्या वयाचा मासा ताटात असू शकतो, पण नवं नाव त्याचा पत्ता लागू देत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. समुद्र रिकामा होतो तेव्हा बाजार रिकामा होत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरचा कॉड इतका उपसला गेला, की जुलै १९९२ मध्ये सरकारला तिथली मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. पण दुकानांतून कॉड नाहीसा झाला नाही. तो दुसऱ्या समुद्रांतून येत राहिला, त्याच नावाने. कोळ्याला जाळं ओढताना कळतं, गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. म्हणून माशाच्या नावासोबत त्याचा समुद्रही लिहिलेला हवा.

हे अशक्य नाही. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून ताज्या आणि गोठवलेल्या मासळीवर व्यापारी नाव, शास्त्रीय नाव, पकडलेली की पाळलेली, कुठल्या क्षेत्रातली आणि कुठल्या साधनाने धरलेली, हे सगळं सांगावं लागतं. पण त्या कायद्याच्या जाळ्याला दोन मोठी भोकं राहिली. डबाबंद मासळी आणि हॉटेलातलं ताट. आपण कायदा कराल तेव्हा ही भोकं आधी शिवा. आणि 'पश्चिम हिंदी महासागर' एवढ्यावर कोणाला सुटू देऊ नका. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतचा समुद्र हा काही पत्ता झाला नाही.

नुसत्या 'पाळलेला' या शब्दानेही भागणार नाही. शिंपल्यांना वेगळं खाणं घालावं लागत नाही, पण सॅमनच्या खाद्यात पेरू देशाच्या समुद्रातल्या अँकोव्ही या छोट्या माशाची भुकटी असू शकते. खाद्य कशाचं, तेही सांगायला लावा.

कागदपत्रांचा बोजा छोट्या होडीवर पडेल, ही हरकत येणारच, आणि ती रास्त आहे. म्हणून सुरुवात मोठ्या जहाजांपासून आणि आयातदारांपासून करा. मोठ्या जहाजांवर नोंदवह्या असतात, उपग्रहाला जोडलेली यंत्रं असतात. कुठे, केव्हा, काय पकडलं हे बंदरावर माहीत असतं. तिथून दुकानापर्यंत येताना ते गळून जातं. नवं काही शोधायचं नाही, असलेलं गळू द्यायचं नाही. खोटं लिहिलं तर माशाच्या तुकड्यावरूनही डीएनए तपासून जात ओळखता येते.

एक कबुली देतो. लेबल वाचून समुद्र वाचतो असं मला वाटत नाही. अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना २०२१ मध्ये संकटातल्या जीवांच्या जागतिक यादीतल्या 'धोक्यात' या वर्गातून बाहेर आला, त्यामागे पकडीवर घातलेल्या कडक मर्यादा होत्या. ते काम सरकारांचं, आणि लेबल लावून ते आमच्या गळ्यात घालू नये. पण मर्यादा पाळली गेली की नाही, हे ताटापर्यंत तपासता यावं एवढी मागणी तरी गैर नाही.

तेव्हा डबाबंद मासळी आणि हॉटेलं धरून नियमांचा मसुदा लोकांपुढे कधी ठेवणार, ती तारीख कळवावी. पाकीट फ्रीझरमध्ये परत ठेवतो आहे.

कळावे,
आपला,
एक मासेखाऊ ग्राहक