वेब्ली-फॉस्बेरी मिळवून देणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

डॅलस, टेक्सस

आदरणीय काका यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण मिळवून दिलेले वेब्ली-फॉस्बेरी हे जुने ब्रिटिश रिव्हॉल्व्हर सुखरूप घरी आले आणि कायद्याने घालून दिलेल्या मुदतीत त्याची नोंदवहीत नोंदही झाली, हे आधी कळवतो, कारण भेट झाली असती तर आपण पहिला प्रश्न तोच विचारला असता. आभाराचा विषय निघाला की आपण चहा टाकायला उठता, त्यामुळे समोरासमोर जे बोलता आले नाही ते येथे चार लोकांदेखत लिहीत आहे. नाव छापायचे नाही ही आपली अट पाळली आहे.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून या शस्त्राविषयी थोडे सांगणे भाग आहे. जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी हा बंगालच्या लष्करातला इंग्रज अधिकारी. १८६३ च्या अंबेला मोहिमेत, आज पाकिस्तानात असलेल्या बुनेरच्या डोंगरात, शत्रूच्या हाती पडलेली ‘क्रॅग पिकेट’ ही कड्यावरची चौकी ३० ऑक्टोबर रोजी त्याने आपल्या तुकडीनिशी परत घेतली. वाट इतकी चिंचोळी होती की एका वेळी एक-दोनच माणसांना वर चढता येत होते. या पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पुढे त्याने शस्त्ररचनेत मन घातले आणि चाप ओढल्यावर बसणाऱ्या धक्क्यानेच पुढची गोळी तयार व्हावी अशा रिव्हॉल्व्हरचे पेटंट १८९५ मध्ये घेतले. सुरुवातीचे प्रयोग त्याने कोल्टच्या रिव्हॉल्व्हरवर केले होते, पण प्रत्यक्ष माल काढला तो बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने. १९०० च्या जुलैत इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी स्पर्धांत ते लोकांनी पाहिले आणि १९०१ पासून ते विक्रीला आले. एकूण नग पाच हजारांच्या आतच निघाले. ब्रिटिश लष्कराने ते अधिकृतपणे कधीच स्वीकारले नाही. पण सरकारी काडतूस चालत असेल तर अधिकाऱ्याला स्वतःच्या पैशाने हवे ते पिस्तूल घेण्याची मुभा होती, आणि बहुतेक नग .४५५ या सरकारी मापाच्या काडतुसाचे असल्याने अनेकांनी ते घेतले. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलाने त्याच्या गोळ्यांच्या चक्रावरच्या खाचा भरू लागल्या आणि त्याची कीर्ती ओसरली. मला विचाराल तर हे यंत्र चिखलासाठी नव्हतेच. १९०२ मध्ये वॉल्टर विनन्स या नामांकित नेमबाजाने बारा पावलांवरून सात सेकंदांत सहा गोळ्या अगदी लहानशा वर्तुळात बसवल्या; त्याचे खरे घर तिथे, नेमबाजीच्या मैदानावर होते.

माझ्या कोकणातल्या आजोळी रानडुकरांपासून भाताची राखण करण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. बंदुकीविषयीची माझी समज तेवढीच होती, आणि यंत्र म्हणून तिच्याकडे पाहायला आपण शिकवले. आपल्या गॅरेजमधल्या टेबलावर फडके अंथरून आपण एका परिचितांचे फॉस्बेरी माझ्यापुढे ठेवलेत, आधी ते उघडून सहाही घरे रिकामी असल्याची बोटाने खात्री करून घेतलीत, मग मला करायला लावलीत, आणि त्यानंतरच मुठीला हात लावू दिलात. नळी, चक्र आणि घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) असा वरचा सगळा भाग मुठीच्या सांगाड्यावर मागे सरकतो. चक्राच्या अंगावर नागमोडी खाच कोरलेली असते आणि सांगाड्यातली एक खुंटी त्या खाचेत फिरते. वरचा भाग मागे जाताना चक्र अर्धे घर वळते, आतल्या स्प्रिंगने पुढे येताना उरलेले अर्धे, आणि तोवर घोडा चढलेला असतो. मनगट सैल धरले तर वरचा भाग पुरता मागे जात नाही आणि सगळे अडते. डाव्या बाजूला सुरक्षा-खटकाही आहे, जो रिव्हॉल्व्हरवर सहसा पाहायला मिळत नाही. आपण वरचा भाग हाताने हळूहळू मागे ओढत, भिंगातून खाचेच्या वळणांकडे बोट दाखवत म्हणालात, “इथे बघ, खुंटी वळते तिथेच धातू मार खातो. हे कोपरे गोल झाले असतील तर बाकी कितीही चकचकीत असू दे, पुढे बघायचेच नाही.”

ओक्लाहोमातल्या टल्साच्या शस्त्रप्रदर्शनात नेमके हेच उपयोगी पडले. वर्षातून दोनदा भरणाऱ्या त्या प्रचंड बाजारात, हजारो टेबलांच्या गर्दीत, एका विक्रेत्याकडे मला फॉस्बेरी दिसले. झिलई आरशासारखी होती आणि भावही, माझ्या मते, आवाक्यात होता. आपण ते हातात घेतलेत, एकदाच उलटेसुलटे केलेत आणि परत ठेवलेत. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या, स्क्रूच्या छिद्रांभोवती उथळ खळगे पडले होते, म्हणजे घासून-पुसून नव्याने ब्लूइंग (पोलादावरची निळसर-काळी झिलई) केलेले होते, आणि चक्राची मागची बाजूही तासलेली होती. अमेरिकेत आयात झालेल्या कित्येक वेब्लींचे चक्र सहज मिळणारे .४५ चे काडतूस बसावे म्हणून असे तासले गेले, आणि त्या काडतुसाचा दाब जुन्या धातूला पेलणारा नसतो. विक्रेत्याला आपण एक शब्दही वावगा बोलला नाहीत. “बघून येतो,” एवढेच म्हणालात. मी मात्र त्या चकाकीकडे दोनदा मागे वळून पाहिले, हे आपल्या लक्षात आले असणार.

परवान्याचेही तसेच. प्रदर्शनाला निघण्याच्या कितीतरी आधी आपण मला संग्राहकाचा केंद्रीय परवाना काढायला लावलात. शुल्क तीन वर्षांसाठी तीस डॉलर. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांकडे द्यावी लागते, आणि प्रत्येक खरेदीची नोंद दुसऱ्या दिवशीचे कामकाज संपेपर्यंत वहीत व्हावी लागते. त्या वेळी मला हा सगळा उगाच खटाटोप वाटला. परंतु या देशाच्या कायद्याप्रमाणे एका राज्यातला साधा नागरिक दुसऱ्या राज्यातल्या खाजगी माणसाकडून थेट पिस्तूल घेऊ शकत नाही. १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे पुरातन म्हणून या नियमातून सुटतात, पण फॉस्बेरी त्यानंतरचे. मात्र मूळ रूपात असलेले आणि पन्नास वर्षांहून जुने शस्त्र संग्राहकाच्या परवान्यावर दुसऱ्या राज्यातूनही घेता येते. मी टेक्ससचा, माल ओक्लाहोमात. तो परवाना खिशात नसता तर पुढचे काहीच इतके सुरळीत झाले नसते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. आपल्या ओक्लाहोमातल्या जुन्या संग्राहक मित्राच्या पश्चात त्यांच्या पत्नीने घरातली शस्त्रे काढायची ठरवली, तेव्हा पहिला फोन आपल्याला आला. त्यांत फॉस्बेरी होते. आपल्या कपाटात वेब्लीची एवढी रांग असूनही फॉस्बेरी नव्हते, आणि किती वर्षांपासून आपण ते शोधत होतात हे मला ठाऊक आहे. त्या माऊलीने सांगितलेली किंमत इतकी कमी होती की आपण तिथल्या तिथे चेक फाडला असता तरी कोणी बोट ठेवले नसते. आपण तसे केले नाहीत. आपण मला बोलावून घेतलेत, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलेत आणि माझ्यादेखत तिला सांगितलेत की सुस्थितीतला असा नग लिलावात अनेकदा दहा हजार डॉलरच्या वर जातो, म्हणून तिने हवे तर लिलावगृहालाही विचारून पाहावे. मी खरेदीदार म्हणून गेलो होतो आणि माझाच माणूस भाव चढवत होता! खरे सांगायचे तर त्या क्षणी मला घाम फुटला. बाईंनी चार दिवस विचार केला, एक जागी चौकशीही केली, आणि मग मला परवडेल पण त्यांनाही पटेल अशी रक्कम स्वतःच सांगितली. मी लगेच इसार दिला. परतताना गाडीत आपण एकदाच बोललात, “माझ्या मित्राचे होते ते. त्याच्या बायकोला मी कमी पैसे कसे देऊ देईन?” स्वतःसाठी का घेतले नाही, हे मात्र विचारू दिले नाहीत.

त्या पिस्तुलावर ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ (म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड) असा दुकानाचा शिक्का आहे. काळा घोड्याजवळ, डेव्हिड ससून ग्रंथालयाला लागून असलेली मुंबईची आर्मी अँड नेव्ही इमारत मला लहानपणापासून माहीत, त्यामुळे शिक्का दिसताच हे पिस्तूल मुंबईत विकले गेले असणार अशी खूणगाठ मी मनाशी बांधून टाकली. आपण ती शांतपणे सोडवलीत. त्याच मंडळींचे मुख्य दुकान लंडनला होते आणि फ्रान्सला किंवा हिंदुस्थानात निघालेले असंख्य अधिकारी तिथूनच सामान घेत. नुसत्या शिक्क्यावरून मुंबई ठरत नाही. म्हणून वहीत मी शिक्क्याचा मजकूर तसाच उतरवला असून त्यापुढे काही लिहिलेले नाही. चक्रावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो, शस्त्रे तपासून शिक्का मारणाऱ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे मुकुटाखालचे शिक्के स्पष्ट वाचता येतात, चक्राची मागची बाजू अखंड आहे, मुठीच्या अक्रोडी लाकडाची चौकटी नक्षी अंगठ्याच्या जागी झिजलेली आहे आणि तळाची कडी जागेवर आहे. नळीवरची झिलई टोकाशी विरून करडी झाली आहे. तिला मी हात लावणार नाही, फक्त तेलाचे पातळ बोट फिरवीन.

एका बाबतीत मात्र आपले माझे जुळत नाही, ते लिहूनच टाकतो. आपण म्हणता, आता यातून एकही गोळी झाडू नये. .४५५ ची काडतुसे आजही नवी बनतात, आणि चक्र अखंड असल्याने, एखाद्या जाणत्या शस्त्रकारागिराने तपासून दिल्यावर, आयुष्यात एकदा तरी ते चक्र आपल्या धक्क्याने आपोआप वळताना पाहावे असे मला वाटते. आपली परवानगी मिळेपर्यंत मी थांबेन. त्या दिवशी आपण शेजारी उभे राहावे एवढी विनंती आहे.

फॉस्बेरीचा .३८ चा, आठ गोळ्यांचा प्रकार फारच थोडा बनला, आणि आपल्या रांगेत तोच असावा अशी माझी इच्छा आहे. टेक्सस, ओक्लाहोमा आणि आर्कान्सामधल्या ओळखीच्या सर्व संग्राहकांना मी तसे कळवून ठेवले आहे. कोणाकडून निरोप आला तर पहिला फोन आपल्याला करीन, आणि विकणाऱ्याला खरा भावही मीच सांगेन. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला,
डॅलसचा आपला विद्यार्थी