ऑटो काढून ठेवा

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून आई घाबरेल म्हणून आधीच सांगते, मी बरी आहे. फोनवर हे बोलता आलं असतं, पण आप्पा, फोन कानाला लावला की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि गोठ्याकडे निघता. कागद असला की निदान चष्मा लावून एका जागी बसाल.

परवा आईने हसत हसत सांगितलं, ‘मोटरीच्या वायरचा जोड जळाला होता, यांनी दातांनी वायर सोलली, दात अजून घट्ट आहेत बघ.’ मीही हसले. फोन ठेवल्यावर विचारायचं सुचलं, तेव्हा स्टार्टरचा ऑटो, लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा, काढला होता का? परत फोन केला तर आई म्हणाली, ‘ऑटो कशाला काढतील, या आठवड्यात लाईट रात्रीची आहे ना.’ त्या रात्री झोप लागली नाही.

आप्पा, आधी माझी एक चूक सांगते. मे महिन्यात मला सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं, ते खोटं होतं.

आमच्याकडे एका सार्वजनिक बागेचं काम आहे. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी दोन स्प्रिंकलर मोडले होते आणि एक व्हॉल्व्ह बंद होत नव्हता. मी चेंबरपाशी पालथी पडून कोपरापर्यंत हात आत घातला होता. व्हॉल्व्हच्या झाकणाचे सहा स्क्रू असतात, त्यातले चार काढले होते. पंपघरातल्या वॉचमनला सांगून आले होते, ‘काका, मी हाक मारेपर्यंत चालू करू नका.’ दोन वाजता काकांची पाळी संपली आणि ते घरी गेले. नव्या माणसाला लॉन सुकलेलं दिसलं, त्याने बटण दाबलं. त्याची काय चूक? त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पाइपात चार बार प्रेशर असतं. म्हणजे चाळीस मीटर उंच टाकीखाली उभं राहिल्यासारखं, आपल्या विहिरीच्या तिप्पट. उरलेले दोन स्क्रू उपटून झाकण माझ्या कानाजवळून गेलं आणि पिचकारी थेट तोंडावर आली. ते पाणी सांडपाणी शुद्ध करून झाडांसाठी वापरलेलं, पिण्याचं नाही. तीन दिवस पोट बिघडलं होतं, त्याला मी सर्दी म्हणाले. झाकण चार बोटं अलीकडून गेलं असतं तर आज हे पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असतं.

तेव्हापासून माझ्या पिशवीत एक लाल कुलूप असतं. पंपाचा मेन स्विच खाली केला की त्यालाच कुलूप लावते. चावी माझ्या खिशात. वर पाटी, ‘माणूस कामावर आहे’. मग लाइनच्या शेवटचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडते, प्रेशरचा काटा शून्यावर आला की स्पॅनर हातात घेते. एका लाइनवर दोघे असलो तर दोन कुलपं. टायमरचाही आता भरवसा धरत नाही. पहाटे पाच वाजता तो आपोआप पंप चालू करतो, चेंबरमध्ये कुणाचा हात आहे का हे त्याला कळत नाही.

तुमचा ऑटो म्हणजे तोच टायमर आहे आप्पा. फरक इतकाच की आमच्या टायमरला वेळ ठरलेली असते. लाईट रात्रीची असली तरी फॉल्ट शोधताना लाइनमन भरदिवसा फीडर, म्हणजे आपल्याकडे येणारी विजेची लाइन, दोन मिनिटं चालू करून बघतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. ती दोन मिनिटं तुमच्या दातात वायर असताना आली असती तर? ऑटोने काही कुणाला विचारून स्टार्टर ओढला नसता. ४१५ व्होल्ट, पायाखाली ओली माती आणि वायर तोंडात.

तुम्ही म्हणाल, फ्यूज आहे ना. आयटीआयला आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात हा भ्रम काढून टाकला. फ्यूज मोटरीला आणि वायरीला वाचवतो, माणसाला नाही. सोळा ॲम्पियरचा फ्यूज सोळा ॲम्पियरच्या बरंच पुढे गेल्यावर वितळायला लागतो, आणि माणसाचं हृदय थांबायला एका ॲम्पियरचा दहावा भागही पुरतो. माणसासाठी वेगळा ब्रेकर असतो, ३० मिलिॲम्पियर गळती झाली की निमिषात लाइन तोडणारा. बागेत हाताने वापरायच्या प्रत्येक मशीनला आम्ही तो लावतो. आपल्या जुन्या केबलवर तो सारखा पडेल, हे मला माहीत आहे. म्हणून आधी केबल बदलू, आणि आर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी टाकायचं, ते आईकडे. कोरड्या खड्ड्यातलं आर्थिंग नुसतं नावाला असतं.

तुमच्या त्या पेनासारख्या टेस्टरवरही विसंबू नका. उन्हात त्याचा दिवा पेटला तरी दिसत नाही. आम्ही मीटर लावतो, तोही आधी चालू लाइनवर तपासून घेतो.

आई, तू साप-विंचवाचं विचारत होतीस. आहेत. चेंबरमध्ये ओल असते, बेडूक येतात, मागून तो येतो. म्हणून झाकण हाताने नाही, लोखंडी आकड्याने उचलते आणि दोन पावलं मागे सरते. गेल्या महिन्यात एक धामण निघाली, तिच्यापेक्षा आमचा हेल्पर जास्त वळवळला. चेंबर उघडं टाकून जेवायलाही कुणी जात नाही, फळी आणि पट्टी लावल्याशिवाय. मागे एक आजी पहाटेच्या अंधारात फिरायला आल्या आणि पाऊल अर्धवट आत गेलं. गुडघा खरचटला एवढंच, पण तेव्हा मला तूच आठवलीस.

आणखी एक. विहिरीत उतरण्याआधी तुम्ही कंदील सोडून बघता. कंदील विझला तर उतरू नका, हे खरं. पण जळत राहिला म्हणजे आत विषारी वायू नाही असं होत नाही. आमच्या जमिनीखालच्या टाकीत सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू वाढला की आधी नाकच मरतं, वास थांबल्यासारखा वाटतो आणि माणूस निर्धास्त उतरतो. तिथे आम्ही कुणीच उतरत नाही, पंप दोराने वर ओढून घेतो. तुम्हीही काठावरूनच ओढा, आणि डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवायचं तर अजिबात नाही.

शनिवारी मी येते. स्टार्टरच्या पेटीला कडी बसवायला पट्टी आणि ड्रिल आणतेय, तुमच्यासाठी एक लाल कुलूपही घेतलंय. तोवर एवढं करा. मोटरीला हात लावायचा तर आधी ऑटो काढा, मोटर बंद करा, मेन स्विच पाडा आणि तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूजचे ते ठोकळे, उपटून घ्या. किटकॅट निघाले तरी वरच्या बाजूला करंट असतोच, तिथे बोट नको. आणि ते पेटीवर ठेवायचे नाहीत, आईकडे द्यायचे.

आई, तू ते बटव्यात ठेव. आप्पा विहिरीवरून येऊन हातपाय धुऊन ओट्यावर बसले की मगच द्यायचे. चहा आधी मागितला तर चहा दे, किटकॅट नको.

आणि आप्पा, वायर सोलायचा चिमटा तुमच्या खुंटीवरच्या पिशवीत आहे. दिवाळीत मीच ठेवला होता, अजून पाकीटही फोडलेलं नाही.

तुमची,
ताई